खालचं नोबिरु, वरचं नोबिरु

सेंदाईहून इशिनोमाकीकडे निघालेली गाडी रिकुझेन-ओत्सुका नावाच्या छोट्या स्टेशनापाशी समुद्राच्या इतकी जवळ जाते, की फलाटाच्या कठड्यापलीकडे लगेच पाणीच. मात्सुशिमाचा हा उपसागर. अडीचशेहून जास्त बेटं त्यात विखुरलेली, त्यांच्यावर वाऱ्याने वाकलेले पाइन आणि मधल्या उथळ पाण्यात शिंपल्यांच्या शेतीचे तराफे. देशातल्या तीन सर्वोत्तम दृश्यांत जपानी लोक याची गणना करतात. खिडकीला नाक लावून मी ते बघत होते, तेवढ्यात गाडीने समुद्राकडे पाठ फिरवली. रूळ आत वळले, चढ लागला, नव्याने कापलेल्या टेकडीचे बांधून काढलेले उतार दोन्ही बाजूंनी आले आणि समुद्र गेला तो गेलाच.

2011 पर्यंत गाडी इथे वळत नसे. तोना आणि नोबिरु ही दोन स्टेशनं घेत ती सखल भागातूनच पुढे जायची. 11 मार्च 2011 ला दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला, साधारण तासाभराने समुद्र आत आला आणि पुढची चार वर्षं या पट्ट्यात रेल्वे नव्हतीच. लोक बसने ये-जा करत होते. 30 मे 2015 ला गाड्या पुन्हा सुरू झाल्या, त्या सुमारे 500 मीटर आत सरकून आणि टेकडीवर चढून. तोना वर गेलं, नोबिरु वर गेलं. खालचं नोबिरु स्टेशन मात्र पाडलं नाही. मी निघाले होते ती तेच बघायला.

रेल्वेचं वेड असलेल्यांसाठी इथे एक गंमत आहे. या मार्गाची, म्हणजे सेनसेकी लाइनची, वीज 1,500 व्होल्टची डीसी. शेजारून जाणाऱ्या तोहोकु मुख्य मार्गाची 20,000 व्होल्टची एसी. मात्सुशिमाजवळ हे दोन्ही मार्ग अगदी खेटून जातात, पण वर्षानुवर्षं त्यांच्यात सोयरीक नव्हती. पुनर्बांधणीच्या निमित्ताने मध्ये एक लहानसा जोडरूळ टाकला आणि दोन विजांची कटकट टाळायला वरच्या तारेशी संबंधच न ठेवणारी गाडी आणली. डिझेलवर आपली वीज आपणच तयार करायची, उरलेली बॅटरीत ठेवायची, असा तिचा संसार. डीसीवरून एसीवर जाताना लोकलमधले दिवे-पंखे क्षणभर गपकन बंद पडायचे, ते दिवस ज्या मुंबईकरांना आठवतात, त्यांना या युक्तीचं मोल वेगळं सांगायला नको. आता सेंदाई ते इशिनोमाकी प्रवास आपत्तीच्या आधीपेक्षा लवकर होतो. गाडी बंद पडली म्हणून ती वेगवान झाली, हा हिशेब मला शेवटपर्यंत नीट पचला नाही.

मूळ मार्ग मियागी इलेक्ट्रिक रेल्वे या खासगी कंपनीने टाकलेला. 1925 मध्ये सेंदाईहून सुरुवात झाली आणि 1928 मध्ये रूळ इशिनोमाकीपर्यंत पोचले. युद्धाच्या काळात, 1944 ला, सरकारने तो ताब्यात घेतला. कंपनीची सगळी भिस्त हौशी प्रवाशांवर होती. मात्सुशिमाची बेटं बघा, नोबिरुच्या पुळणीवर पोहा, संध्याकाळी घरी परत या. समुद्र हेच तर तिकीट विकण्याचं कारण होतं, मग स्टेशन समुद्राजवळ असायचं नाही तर कुठे असायचं? नंतर कुणी कितीही शहाणपणाने विचारलं, की इतक्या खाली स्टेशन बांधलंच कशाला, तरी उत्तर एवढं साधं आहे.

वरचं नोबिरु समुद्रसपाटीपासून साधारण 22 मीटर उंचीवर आहे. स्टेशनाबाहेर पडलं की नोबिरुगाओका ही नवी वसाहत लागते. डोंगर कापून, माथा सपाट करून ती वसवली आहे. निघालेली माती हलवायला किलोमीटरभराहून लांब कन्व्हेअर पट्टा बांधला होता; ट्रकांवर विसंबले असते तर काम किती लांबलं असतं कोण जाणे. आता तिथे रुंद रस्ते आहेत, नीट कापलेली कुंपणं आहेत, लाकडात बांधलेली देखणी प्राथमिक शाळा आहे. फिरता फिरता काहीतरी खटकत होतं, ते काय हे जरा उशिरा उमगलं. सगळ्या घरांचं वय एकच. गावात एखादं पडकं घर असतं, एखादा अर्धवट बांधलेला मजला असतो, आजोबांच्या वेळचा ओटा असतो. इथे तसलं काहीच नव्हतं. झाडंसुद्धा एकाच उंचीची. घरापुढे खुरपी घेऊन बसलेल्या एका आजींनी मान लववली, मीही लववली. त्यांच्या अंगणातल्या दगडी कुंडीवर मात्र शेवाळ होतं, जुनं, घट्ट बसलेलं. ती कुंडी खालूनच आणलेली असणार असं मी मनाशी ठरवून टाकलं. विचारायचा धीर झाला नाही.

खाली उतरायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. टेकडीचा पायथा संपला की सपाटी लागते, आणि तिथे घरं नाहीत. महापालिकेने हा पट्टा धोक्याचा म्हणून जाहीर केला आहे. व्यवसाय चालतो, राहतं घर बांधता येत नाही. गवत, मोकळे चौकोन, मध्येच एखादी शेड. रस्ते मात्र जुन्याच आखणीचे आहेत. त्यामुळे वळणं येतात, चौक येतात, आणि त्या वळणांना काही कारण दिसत नाही.

आभाळात अचानक गडगडाट झाला म्हणून दचकून वर पाहिलं, तर लढाऊ विमानं. जवळच मात्सुशिमाचा हवाई तळ आहे. त्सुनामीत तिथली 18 एफ-2 विमानं पाण्याखाली गेली होती. कसरती करणाऱ्या ‘ब्लू इम्पल्स’ तुकडीची बहुतेक विमानं मात्र वाचली, कारण दुसऱ्या दिवशी, 12 मार्चला, दूर क्युशूमध्ये शिनकानसेन या बुलेट ट्रेनचा नवा टप्पा सुरू व्हायचा होता आणि त्या सोहळ्यात कसरती करायला ती आधीच तिकडे गेली होती. सोहळा अर्थातच रद्द झाला. एका रेल्वेच्या उद्घाटनाने विमानं वाचवली, आणि त्याच वेळी तळाजवळची रेल्वे वाहून जात होती.

जुनं स्टेशन दुमजली आहे, आणि लांबून पाहिलं तर त्याला काही झालंय असं वाटतच नाही. समोरून तोना कालवा वाहतो, पलीकडे समुद्राच्या बाजूला पाइन आहेत. पूर्वी होते त्याच्या तुलनेत अगदीच विरळ. इमारतीजवळ गेल्यावर भिंतीवरची खूण दिसते: 3.7 मीटर. पाणी इथवर आलं होतं. खुणेखाली उभी राहून मी हात वर केला. अर्थातच पोचला नाही. आकडे वर्तमानपत्रात वाचताना अंगाला लागत नाहीत. 3.7 ऐकून मला तोवर फार वाटलं नव्हतं, कारण इतर गावांचे दहा-पंधरा मीटरचे आकडे डोक्यात होते. पण माणसाला बुडवायला त्याच्या निम्मं पाणीसुद्धा पुरतं, आणि हे पाणी तर घरं, मोटारी आणि झाडं पोटात घेऊन आलं होतं.

ऑक्टोबर 2016 पासून इमारतीत महापालिकेचं स्मृतिदालन आहे. त्याच्याही आधी, गाड्या सुरू व्हायच्या होत्या तेव्हा, तळमजल्यावर एक कन्व्हीनियन्स स्टोअर उघडलं होतं. मला ही गोष्ट फार आवडली. आजूबाजूला गाव नाही, गाडी नाही, पण स्टेशनात दिवा लागतोय आणि आत गरम कॉफी मिळतेय! दालनात फलक आहेत, छायाचित्रं आहेत, फिल्म आहे. खरं सांगायचं तर पुनर्वसनाचे फलक जरा जास्तच झाले आहेत, सरकारी अहवालाला रंग दिल्यासारखे. पण एका कोपऱ्यात स्टेशनातलं तिकीटयंत्र ठेवलंय. पत्रा पिचलेला, बटणांच्या फटींत गाळ वाळून घट्ट झालेला. जपानमध्ये अशी यंत्रं इतकी चकचकीत आणि आज्ञाधारक असतात, की त्यातलं एक असं पाहताना आपण कुणाचं तरी शव बघतोय असं वाटतं. मी बाकीचे फलक भराभर उरकले आणि पुन्हा त्याच्यासमोर येऊन उभी राहिले.

मागच्या बाजूला फलाट आहे, जसा उरला तसा ठेवलेला. रूळ वाकलेले, तारांचे खांब कलंडलेले, फलाटाच्या कडा खचलेल्या. थोड्या अंतरावर रूळ संपतात आणि गवत सुरू होतं. बाकीचा मार्ग उखडून नेलाय. भारतीय माणसाला इथे धनुष्कोडी आठवणारच. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात ते गाव, स्टेशन आणि पांबनहून निघालेली एक अख्खी पॅसेंजर गाडी गेली. तिथे अवशेष वाळूच्या आणि शंख-शिंपले विकणाऱ्यांच्या स्वाधीन आहेत. नोबिरुत गवत नियमित कापलं जातं. दोन्हींतलं बरं कुठलं, ते मला ठरवता येईना. धनुष्कोडीत निदान वारा आपलं काम करत राहतो.

फलाटाशेजारी स्मारकाचं उद्यान आहे आणि तिथे नावं कोरली आहेत. हिगाशी-मात्सुशिमा या शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे 43,000 होती. मृत आणि बेपत्ता मिळून 1,100 हून जास्त. म्हणजे दर चाळीस माणसांमागे एक. जपानी अक्षरं मला वाचता येतात ती जेमतेम, पण एकाच आडनावाखाली ओळीने येणारी नावं ओळखायला अक्षरं यावी लागत नाहीत.

नोबिरु स्टेशनाची गोष्ट जपानभर सांगितली जाते ती दोन गाड्यांमुळे. भूकंपाच्या वेळी फलाटावरून दोन गाड्या नुकत्याच सुटल्या होत्या, एक सेंदाईच्या दिशेने, दुसरी इशिनोमाकीच्या. धक्के सुरू होताच दोन्ही थांबल्या, स्टेशनापासून दोन विरुद्ध दिशांना, प्रत्येकी सहा-सातशे मीटरवर. सेंदाईकडची गाडी सखल भागात होती. कर्मचाऱ्यांनी नियमाप्रमाणे प्रवाशांना उतरवलं आणि ठरवून दिलेल्या निवाऱ्यात, नोबिरु प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत, नेलं. इशिनोमाकीकडची गाडी योगायोगाने टेकडीच्या चढावर थांबली होती. तिथेही नियम तोच होता. पण प्रवाशांत या भागाची माहिती असलेला एक स्थानिक माणूस होता. ही जागा आजूबाजूच्या सगळ्या जागांपेक्षा उंच आहे, खाली उतरू नका, गाडीतच थांबा, असं त्याने सांगितलं. कर्मचाऱ्यांनी ते ऐकलं.

रिकामी झालेली पहिली गाडी पाण्याने उचलली आणि चार डब्यांचा कोन करून टाकून दिली. तिचं छायाचित्र त्या दिवसांत जगभर छापून आलं. व्यायामशाळेतही पाणी शिरलं. गावातल्या लोकांनी ती शाळा सुरक्षित मानली होती, नकाशावर तशी खूण होती. तिथे जमलेल्यांतले काही वरच्या सज्जावर चढून वाचले, काही वाचले नाहीत. टेकडीवरच्या गाडीखाली पाणी पोचलंच नाही. चारही बाजूंना समुद्र, मध्ये उभी गाडी, आणि आतली सगळी माणसं थंडीत कुडकुडत, असेल-नसेल ते वाटून खात सकाळची वाट बघत राहिली. सगळे वाचले.

दालनातले एक स्वयंसेवक आजोबा मला खिडकीपाशी घेऊन गेले. एका दिशेला बोट दाखवलं, मग दुसऱ्या. हाताचा पंजा आधी खाली, मग थोडा वर. फार वर नाही.

मला तिथे महालक्ष्मी एक्स्प्रेस आठवली. जुलै 2019 मध्ये मुंबईहून कोल्हापूरला निघालेली ही गाडी बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत सुमारे 1,050 प्रवासी, रूळ पाण्याखाली. तेव्हा रेल्वेने पुन्हा पुन्हा एकच सांगितलं होतं: गाडीतून उतरू नका, गाडीच सगळ्यांत सुरक्षित आहे. दुसऱ्या दिवशी बोटी आल्या आणि सगळे सुखरूप बाहेर पडले. नोबिरुची टेकडीवरची गाडी आणि महालक्ष्मी शेजारी ठेवल्या, तर ‘गाडी सोडू नये’ असा नियम करायचा मोह होतो. पण सेंदाईकडच्या गाडीत कुणी तसं केलं असतं तर? नदीचं पाणी चढतं, ते चढताना दिसतं, मोजता येतं. समुद्र असा आला की तो वेळ मिळत नाही. आणि त्या गाडीच्या मोटरमनने आणि गार्डने काहीही चुकीचं केलं नव्हतं. उलट त्यांना जे शिकवलं होतं तेच त्यांनी नेमकं केलं. ‘चमत्काराची गाडी’ म्हणून एकीची गोष्ट सांगताना दुसरीतल्या कर्मचाऱ्यांना आपण नकळत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो, हे मला दालनातल्या त्या मांडणीपुढे उभी असताना टोचत राहिलं. दोन्ही गाड्यांत फरक होता तो पायाखालच्या जमिनीचा, आणि ती जमीन गाडी थांबवणाऱ्याने निवडलेली नव्हती.

जमीन निवडणारा एक माणूस मात्र नोबिरुत होता. एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या घराजवळच्या खडकाळ टेकडीवर वर्षानुवर्षं खपून, स्वतःच्या हातांनी पायऱ्या आणि वाट केली होती, वर बसायला निवारा बांधला होता. त्सुनामी आली तर म्हणून. इथवर पाणी येईल हे फारसं कुणाला पटत नव्हतं. त्या दिवशी सत्तरच्या आसपास माणसं त्या टेकडीवर चढून वाचली. सरकारी नकाशावर तिचं नाव नव्हतं. असल्या माणसांना आपल्याकडे गावात काय म्हणतात ते सांगायला नको. डोक्यात किडा असलेला एक तरी माणूस प्रत्येक गावाला लागतो.

कालव्याच्या काठाने मी नारुसे नदीच्या मुखाकडे गेले, कारण नोबिरु याआधीही एकदा गेलेलं आहे, आणि ते बहुतेक पर्यटक बघत नाहीत. 1878 मध्ये मेइजी सरकारने इथे जपानचं पहिलं पाश्चात्त्य पद्धतीचं आधुनिक बंदर बांधायला घेतलं. गृहमंत्री ओकुबो तोशिमिची यांचं हे स्वप्न होतं आणि आराखडा फान डोर्न या डच अभियंत्याचा. उत्तरेकडच्या नद्या कालव्यांनी जोडायच्या, सगळा माल नोबिरुला आणायचा, शेजारी आखीव शहर वसवायचं. तोना कालवा त्याच योजनेतला. 1884 च्या वादळाने बंदराचा धक्का फोडला आणि पुढच्याच वर्षी सरकारने सगळं सोडून दिलं. आखलेलं शहर विरून गेलं. विटांचे काही पूल-पाये आजही उभे आहेत. लालसर, जाड, उगाचच भक्कम. 2011 चं पाणी त्यांच्यावरूनही गेलं.

म्हणजे डच इंजिनियर हरला, राजधानीतले मंत्री हरले, त्यानंतर चाळीसेक वर्षांनी पोहायला येणाऱ्यांसाठी वीज-रेल्वे आली आणि गाव पुन्हा फुललं. या किनाऱ्याला विस्मरणाचा दोष द्यायचा मला मुळीच हक्क वाटत नाही. उत्तरेकडचा सानरिकुचा किनारा पिढ्यान्‌पिढ्या त्सुनामी पाहत आला, तिथे दगडांवर इशारे कोरलेले आहेत. इथे, मात्सुशिमाच्या कुशीत, माणसांना तसा अनुभव नव्हता. बेटांनी मात्सुशिमा गावाला बरंचसं वाचवलंही. नोबिरुपाशी बेटं संपतात.

या एका आपत्तीत पूर्व जपानच्या किनारी मार्गांवरची 23 स्टेशनं वाहून गेली. प्रत्येकाचं पुढे वेगळं झालं. इशिनोमाकीच्या पलीकडे ओनागावाला वास्तुविशारद शिगेरु बान यांनी पसरलेल्या पंखांच्या छपराचं स्टेशन उभारलं, वर गरम पाण्याचं स्नानगृहसुद्धा. केसेननुमा मार्गावर रुळांच्या जागी डांबर घातलं आणि तिथे आता बस धावते. लोकांनी रेल्वेसाठी आग्रह धरला, पण प्रवासी आणि खर्च यांचं गणित जुळलं नाही. नोबिरुच्या वाट्याला दोन स्टेशनं आली, एक जाण्यासाठी आणि एक बघण्यासाठी.

चढून वर परतताना दम लागला. माझं ठीक आहे, मला एकदाच चढायचं होतं. इथल्या कोळ्यांचं, नोरी हे खायचं समुद्रशेवाळ वाळवणाऱ्यांचं, शिंपल्यांच्या तराफ्यांवर काम करणाऱ्यांचं पोट अजून खालीच आहे. पूर्वी घराच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की समुद्र. आता रोज पहाटे मोटार काढून 22 मीटर उतरायचं, दुपारी वर यायचं. भरती किती आलीय ते अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून कळायचं, ते आता कळत नसणार. स्टेशनालगतच्या पर्यटन केंद्रात या भागातली नोरी विकायला होती. इथली नोरी राजघराण्याला भेट जाते, त्यामुळे ती स्वस्त नसते. तरी दोन पाकिटं घेतली.

संध्याकाळच्या गाडीत शाळेची मुलं चढली, दप्तरं मांडीवर घेऊन फोनमध्ये डोकी घालून बसली. इशिनोमाकीची दिशा. वरच्या नोबिरुहून निघाल्यावर काही मिनिटंच गाडी उंचावर राहते. मग उतार सुरू होतो, नारुसे नदीचा पूल येतो, आणि रिकुझेन-ओनो यायच्या आत रूळ पुन्हा सपाटीवर, भाताच्या शेतांच्या पातळीला आलेले असतात. नवा मार्ग तिथे जुन्याला मिळतो.